विहिणी निघाल्या फिरायला

हिमेजी,
५ मार्च १९९१

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

उमेच्या झाडांचा बहर ओसरत आला, तरी सकाळी नळाखाली हात धरवत नाही. आपल्या यजमानांचा खोकला आता कसा आहे?

पत्राला कारण असं की काल रात्री आमच्या मासातोचा ओसाकाहून फोन आला. एप्रिलमध्ये तो आणि चिहारु आपल्या दोघींना शोदोशिमा बेटावर नेणार होते, ते यंदाही जमणार नाही म्हणाला. कचेरीतलं काम. मागच्या वर्षीही कचेरीतलंच होतं. तुमच्या लेकीनेही तुम्हाला तेच सांगितलं असेल. मी रागावले नाही, पण फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या नकाशापुढे बराच वेळ उभी राहिले. हिमेजीहून बेटावर बोट जाते. तुमच्या ताकामात्सुहूनही जाते. बेट आपल्या दोघींच्या बरोबर मध्ये आहे. मग मधे मुलं कशाला हवीत?

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दरवर्षी वर्गभर पोरं सहलीला नेली आणि मोजून परत आणली. एक विहीण मला जड नाही. सकाळी निघायचं, संध्याकाळी आपापल्या घरी. मुक्काम नाही, कोणावर भार नाही.

हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी एकमेकींना नमस्कारच करत बसतो आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहिलं. नको वाटलं तर तसं मोकळेपणाने कळवा.

आपली,
हिसानो मुरोई


ताकामात्सु,
११ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्यासारखं हवामान मला लिहिता येत नाही. इथे वारा आहे. ह्यांचा खोकला गेला, कुरकुर राहिली.

तुमचं पत्र दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहून वाचलं. एका गिऱ्हाइकाच्या उदोनच्या शेवया जास्त शिजल्या, त्याने काही म्हटलं नाही, भला माणूस. खरं सांगते, लग्न झाल्यापासून मी घराबाहेर पडले ती कोणाच्या तरी लग्नाला नाहीतर मयताला. नुसतं बघायला म्हणून कधी कुठे गेले नाही. बेट आमच्या धक्क्यावरून दिसतं. ते रोज दिसतं म्हणूनच जायचं राहिलं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, वरमायेबरोबर दिवसभर? सकाळी सरळ जाशील आणि संध्याकाळी कमरेत वाकून येशील, नमस्कार करकरून. मी म्हटलं वाकेन, पण जाईन. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा सोमवार चालेल.

काय नेसायचं, तुमच्यासाठी भेट काय आणायची, आणि डबा कोणी करायचा ते सांगा. चिहारुला विचारलं असतं, पण अलीकडे ती फोनवर हो-नाहीपुरतीच असते. दमत असेल. आणखी एक. सहलीला खाऊ न्यायचा असतो ना, त्यात केळं धरतात का?

इसोए हमागुची


हिमेजी,
१६ मार्च

विहीणबाई,

शिकवत होते तेव्हा दरवर्षी एक तरी पोर हात वर करून हाच प्रश्न विचारायचं. उत्तर ठरलेलं आहे: केळं हे फळ, ते डब्यात धरायचं, खाऊ वेगळा. भेटवस्तू आणायची नाही, हा सहलीचा पहिला नियम. पायात सपाट जोडे. डब्यातले भाताचे मुटके मी करते, बाकी तुम्ही.

एप्रिलचा तिसरा सोमवार धरू. बेटावर बंदरं अनेक आहेत, तेव्हा नीट वाचा: ताकामात्सुच्या धक्क्यावर कुसाकाबेला जाणारी बोट विचारायची. कुसाकाबे. माझी बोट लागते त्या बंदरातून बस धरून मी तिथे येऊन उभी राहीन. तिथून रोपवेने कान्काकेइच्या घळीवर जाऊ, मग ऑलिव्हची बाग, मग सोया सॉसचं कोठार बघून परत. सोबत कागदावर सगळं काढून पाठवते आहे. छत्री आणा.

हिसानो


हिमेजी,
२४ एप्रिल

विहीणबाई,

कोबीचे गड्डे घट्ट झाले आणि आमच्या दारात चिमणीने घरटं केलं. काल आभार मानायला फोन केला तर तुमच्या यजमानांनी घेतला. ते हसत होते. म्हणाले, तुम्ही धक्क्यावर रडत होतात म्हणे. मी रडत नव्हते, विहीणबाई. तुम्ही घरी काय सांगितलंत ते कळलं, आता खरं काय घडलं ते मी लिहून ठेवते, म्हणजे वाद नको.

मी कुसाकाबेच्या धक्क्यावर वेळेआधी उभी होते. बोट आली. तिच्यातून मोटारी उतरल्या, एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं, कोंबड्यांचे खुराडे उतरले. तुम्ही उतरला नाहीत. मी बोटीवर चढून बाकांखाली वाकून पाहिलं. तुम्ही ज्या बोटीला आधी गर्दी झाली तिच्यात चढून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, तोनोशोला, गेला होतात, हे मला कसं कळावं? बंदरावरच्या माणसाने कर्ण्यावरून तुमच्या नावाने तीनदा हाक दिली. तेव्हा माझा गळा थोडा दाटला, तो जबाबदारीमुळे. तीस वर्षांत माझं एकही पोर हरवलं नव्हतं.

आणि मग सोयाच्या पिंपांची गाडी आली. ड्रायव्हरच्या शेजारी तुम्ही बसलेल्या, मांडीवर डबा, आणि त्याला आमटीला कोणता सोया चांगला ते सांगताय. उतरल्यावर पहिलं काय बोललात ते तुम्ही घरी सांगितलेलं दिसत नाही. म्हणालात, "उशीर झाला, पण सोयाचं कोठार माझं बघून झालं."

त्यात रोपवे राहिला, घळ राहिली. ऑलिव्हच्या बागेत जेवलो आणि तुम्ही झाडाखाली झोपलात. मी उठवणार होते, वेळापत्रकात झोप नव्हती. पण समोर निळंशार पाणी, त्यात बोटी रांगत होत्या, आणि यजमान गेल्यापासून माझ्याशेजारी कोणी असं निर्धास्त झोपलं नव्हतं. मीही कागद घडी करून ठेवला. माकडाने तुमचं केळं पळवलं तेव्हा तुम्ही जाग्या झालात, एवढंच.

पुढची सहल कधी?

हिसानो


ताकामात्सु,
१३ मे

विहीणबाई,

वारा पडला. चिलटं आली.

तुम्ही लिहिलंत ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, बाई चांगली लिहिते, पण रडली असणार.

या वेळी सहल मी ठरवते. जूनमधला पहिला सोमवार. पुलावरून गाडीने इकडे या, मी तुम्हाला कोम्पिराच्या डोंगरावर नेते. लहानपणी बाबांच्या पाठुंगळी बसून गेले होते, त्यानंतर नाही. वेळापत्रक नाही. स्टेशनवर उतरायचं, देवाला जायचं, खाली येऊन खायचं. कागद पाठवत नाही, कारण लिहायचं तेवढं वर लिहून झालं.

पायऱ्या पुष्कळ आहेत. तुमचा गुडघा बोलतो असं चिहारु पूर्वी म्हणाली होती. बोलला तर बोलू दे. आम्ही ऐकून घेऊ.

इसोए


हिमेजी,
६ जून

विहीणबाई,

घरोघर हायड्रेंजिया निळे पडू लागले. माझा गुडघा उशीवर ठेवून हे लिहिते आहे.

ही गोष्ट यजमानांना सांगताना फुगवू नका, अशी हात जोडून विनंती. मी डोली मागितली नव्हती. पायऱ्यांच्या कडेला टेकले होते, एवढंच. तुम्ही डोलीवाल्यांशी भाव करून आलात आणि मला म्हणालात, बसा, पैसे दिलेत, परत मिळत नाहीत. ते दोघे गडी मला उचलून निघाले आणि तुम्ही माझे जोडे हातात घेऊन बाजूने चढू लागलात. दुकानांतल्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. एका म्हातारीने तर मला हात जोडले. मला कोण समजली कुणास ठाऊक. तुम्ही तिला गंभीरपणे सांगितलंत की या हिमेजीच्या वरमाय आहेत. ती म्हणाली, शोभतात.

वर पोचल्यावर काय मागितलंत ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. पण तुम्ही फार वेळ हात जोडून उभ्या होतात, आणि उतरताना पुष्कळ वेळ गप्प होतात. खाली आलं घातलेला गोड रस प्यायल्यावर बोलू लागलात. दमला असाल म्हणून मीही काही काढलं नाही.

आता उन्हाळ्यात नको. शरद ऋतूत आपली राहिलेली घळ पाहू. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथले मेपल पेटतात म्हणतात. त्याआधी जाण्यात अर्थ नाही. हिरवी पानं काय, पालकाच्या जुडीतही दिसतात.

हिसानो


हिमेजी,
२९ ऑगस्ट

विहीणबाईंना सादर नमस्कार.

पितरांचे दिवस सरले, पण उकाडा सरत नाही. आपणा उभयतांच्या प्रकृती ठीक असतील अशी आशा करते. मधे जवळजवळ तीन महिने पत्र नव्हतं, तुमचंही आणि माझंही. मासातो दिवे सोडायला आला होता. चिहारुला सुटी मिळाली नाही म्हणाला, एकटाच आला.

घळीचं मी म्हणत होते. नोव्हेंबरपर्यंत थांबण्याचं काही कारण मला आता दिसत नाही. गर्दी फार होते. बोटीत उभं राहावं लागतं. पानांचा रंग ही शेवटी नशिबाची बाब आहे. सप्टेंबरातच गेलो तर? अगदी पुढच्या सोमवारीही मला चालेल. त्याच्या पुढचाही चालेल. आपण म्हणाल तो.

आपल्याला अडचण असल्यास अर्थातच आग्रह नाही.

हिसानो मुरोई


ताकामात्सु,
९ सप्टेंबर

विहीणबाई,

पत्र पोचलं. इतकं अदबीचं पत्र बघून मी दारात कोण उभं आहे म्हणून वळून पाहिलं.

उत्तर द्यायला उशीर केला. काय लिहावं सुचत नव्हतं. दुकानात गर्दी आहे असं लिहिणार होते, पण गर्दी नाही. ऑक्टोबरचा पहिला सोमवार चालेल. हिरवी तर हिरवी. पालकाचं तुम्हीच म्हणाला होतात, मी नाही.

या वेळी डबा सगळा मी करते. तुम्ही हात हलवत या. वाद घालू नका. एकदा तरी तुम्हाला माझ्या हातचं पोटभर जेवू घालायचं आहे. आणि कुसाकाबेलाच उतरेन, हातावर लिहून घेते.

इसोए


हिमेजी,
१० ऑक्टोबर

विहीणबाई,

आज हवामान लिहीत नाही.

सोमवारचा दिवस मी घरी येऊन पुन्हा पुन्हा आठवते आहे, आणि तुमच्याशिवाय तो कोणाला सांगावा असं माणूस नाही. म्हणून तुम्हालाच सांगते, तुम्ही तिथे होतात तरी.

रोपवेचा पाळणा सुटला तेव्हा आपण दोघीच होतो. खाली घळ हिरवीगार, कुठेकुठे एखादी फांदी पिवळी. मी बोटाने कडे दाखवत होते, नावं सांगत होते. मला थांबायची भीती वाटत होती. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "विहीणबाई, आपण आता विहिणी राहणार नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "ऑगस्टपासून."

तुम्ही म्हणालात, "मला जुलैपासून माहीत आहे."

आणि माझ्या तोंडून काय निघून गेलं, "पहिल्यांदाच तुम्ही माझ्याआधी पोचलात." मग तुम्ही हसायला लागलात, मी हसायला लागले, आणि वर पोचलो तेव्हा दार उघडणाऱ्या मुलीला कळेना की या दोन बायका हसताहेत की रडताहेत. तिने आपला फोटो काढला तो असा.

मासातो म्हणाला होता, तिच्या घरी ती स्वतः सांगेल, तू बोलू नकोस. म्हणून मी घाई केली. तुम्हाला कळायच्या आत एक दिवस पदरात पाडून घ्यावा, मग तुम्ही माझं तोंड पाहाल की नाही कोण जाणे. आणि तुम्ही समजत होतात की मला काहीच ठाऊक नाही आणि डबा घेऊन निरोप घ्यायला आला होतात. कोम्पिराच्या दारात इतका वेळ काय मागत होतात तेही आता कळलं. तेव्हा लेकीने सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला फोनवरून वास आला होता.

दोघांत भांडण नाही, तंटा नाही. मासातो म्हणतो, आम्ही एका घरात भाडेकरूंसारखे राहत होतो. माझ्या मुलाचा दोष किती आणि तुमच्या मुलीचा किती, हे मी त्याला विचारलं नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत. तुमच्या हातची तळलेली वांगी मात्र मी सगळी खाल्ली.

घटस्फोटाचे कागद नोव्हेंबरात होतील म्हणाला. त्यानंतर मी तुम्हाला काय म्हणून लिहायचं ते तुम्ही सांगा. लिहायचं नाही असं मात्र सांगू नका.

हिसानो


ताकामात्सु,
८ डिसेंबर

श्रीमती मुरोई यांना सविनय नमस्कार.

वर्ष संपत आलं. थंडीत आपण प्रकृतीस जपत असाल.

चिहारु गेल्या महिन्यापासून आमच्याकडे आहे. इथेच एका दवाखान्याच्या कचेरीत लागली आहे. आपला रोपवेजवळचा फोटो मी कपाटावर ठेवला होता. तिने तो पाहिला. पालथा घातला नाही, हलवला नाही, फक्त बघून आत गेली. रात्री भांडी पुसताना म्हणाली, "माझं घर आवरत होते त्या महिन्यात तू तिकडे फिरायला गेली होतीस होय, आई?" चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

मी आधी तिची आई आहे. फोटो मी पेटीत ठेवला. यापुढे मी लिहिणार नाही, आपणही लिहू नये. आपण जे केलंत त्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. नववर्षाचं कार्डही या वेळी पाठवत नाही, राग मानू नये.

इसोए हमागुची


हिमेजी,
१४ जानेवारी १९९२

इसोएबाई,

हे शेवटचं, आणि उत्तर मागणारं नाही. तुम्ही केलंत ते बरोबर. तुमच्या जागी मी असते तर तेच केलं असतं, फक्त जास्त लांबलचक लिहिलं असतं.

परवा एकटी शोशाच्या डोंगरावर जाऊन आले. सगळं वेळेवर झालं. कोणी हरवलं नाही, कोणी झोपलं नाही. दुपारच्या आत घरी होते, आणि मग दिवसभर काय करावं कळेना.

चिहारुला जपा. आमच्या घरची होती तोवर मी तिला सून म्हणून फार शिकवलं आणि फार कमी विचारलं.

हिसानो


ताकामात्सु,
१५ मार्च

मुरोईबाईंना तात्सुकिची हमागुचीचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लागलं नाही तर सोडून द्या. हे मी लिहिलं असं इसोएला कळता कामा नये.

ती ठीक आहे. काम करते. पण हल्ली स्वयंपाकघरात गाड्यांचं जाडजूड वेळापत्रक घेऊन बसते. जिला वेळापत्रक उलटं की सुलटं कळत नाही ती बाई. मी विचारलं कुठे जायचंय, तर म्हणते कुठे नाही, नुसती बघते. परवा तिच्या हातून रस्सा करपला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती.

मग मी मुलीशी बोललो. मी म्हटलं, तुझं लग्न तुझं होतं, ते मोडलं, मला वाईट वाटलं. पण आईची मैत्रीण आईची आहे. आपण दोन घरं जोडायला गेलो. त्यात दोन पोरं जुळली नाहीत आणि दोन म्हाताऱ्या जुळल्या. सौदा अगदीच बुडीत नाही.

मुलगी काय म्हणाली सांगतो. म्हणाली, "बाबा, मी तिला जाऊ नको असं कधी म्हटलं?" खरंच म्हटलं नव्हतं. आमच्या घरात कोणी काही म्हणतच नाही, सगळे आपापलं समजून घेतात. समजून घेण्याने हे घर बुडणार एक दिवस.

इसोए आपण होऊन लिहायची नाही. शब्द देऊन बसली आहे. तुम्ही लिहा. तिला एक दिवस घेऊन जा. लांब न्या.

तात्सुकिची

ता. क. त्या दिवशी धक्क्यावर तुम्ही रडला होतात ना?


हिमेजी,
२० मार्च

इसोएबाई,

चेरीच्या कळ्या फुगल्या आहेत. सहज लिहिते.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी मी कुराशिकीला जाणार आहे. कालव्याकाठी विलो हिरवे झालेले असतात, पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं आहेत, आणि लहान होडीतून फिरवतात. तुमच्याकडून यायचं तर पुलावरून ओकायामाला यायचं आणि तिथे गाडी बदलायची. फलाट बदलायचा, घाबरायचं नाही, कोणालाही विचारायचं. सोयाच्या गाडीत बसायचं नाही.

मी स्टेशनच्या दाराशी उभी राहीन, आलात तर आहेच, नाही आलात तर मी होडीतून फिरून परत जाईन. होडीत एकटीलाही बसवतात. विचारून घेतलं आहे.

हिसानो


ताकामात्सु,
१५ एप्रिल

हिसानोबाई,

वारा आहे, छान आहे.

आधी एक सांगते. पत्र ह्यांनी लिहिलं हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ह्यांनी मला विचारलं, तिकीट पाकिटाच्या कुठल्या बाजूला लावतात. जन्मात पहिल्यांदा. मी दाखवलं आणि कोणाला म्हणून विचारलं नाही. तुमचं "सहज" वाचून मी आणि चिहारु दोघी हसलो.

तिला मी आणलं नाही, ती आली. सकाळी जोडे घालत होते तर ती कोट घालून दारात. म्हणाली, तू ओकायामाला गाडी बदलशील आणि हिरोशिमाला उतरशील, मी सोडायला येते. दोघींची तिकिटं तिनेच सांभाळली. कुराशिकीच्या दारातून तुम्ही दिसलात, ताठ उभ्या, छत्री भाल्यासारखी धरून. ती कुजबुजली, "आई, माझे केस नीट आहेत ना?" मग तुम्ही तिला बघितलंत आणि तुमची छत्री पडली. ती उचलायच्या आधी तुम्हीही केस सारखे केलेत, मला लांबून दिसलं. दोघी एकमेकींना नमस्कार करत इतक्या वाकलात की मागच्या माणसाला दारातून जाता येईना. मला ह्यांचं बोलणं आठवलं.

तुम्ही तिला काही समजावलं नाहीत, माफी मागितली नाहीत, मागायला लावली नाहीत. विचारलंत, "मुटके पुरतील का? मी दोघींचेच केलेत." ती म्हणाली, मला अर्धा चालेल. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

आणि होडी. होडीवाल्याने वल्हं मारता मारता विचारलं, तुम्ही तिघी एकमेकींच्या कोण. आता काय सांगायचं? मी पाण्यात बघितलं, चिहारुने विलोकडे बघितलं. तुम्ही तोंडातला घास गिळून शाळेतल्या आवाजात म्हणालात, "आम्ही सहलीला आलोय. ह्या दोघी माझ्या वर्गात आहेत." चिहारु अशी हसली की होडी कलली आणि त्याने आम्हाला दम दिला. वर्षभरात मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. लग्नाआधी ती अशीच हसायची, नाकातून, डुकरासारखी. तुम्हाला ते माहीत नसेल, सासरी कोण तसं हसतं?

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत ते सांगते. परतीच्या गाडीत पुलावर ऊन तिरपं झालं होतं, खाली पाणी चमचमत होतं, बेटं एकामागून एक जात होती. चिहारु खिडकीशी होती. म्हणाली, "चार वर्षं मी त्यांना घाबरले. आज कळलं, त्या विनोदी आहेत." थोड्या वेळाने म्हणाली, "मासातोला कधी सांगितलं नाही की मी घाबरते. त्यानेही कधी विचारलं नाही." मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी हलले नाही. मला बेटं मोजायची होती, ती राहिली, पण पुन्हा येणारच आहे.

फोटो पेटीतून काढून मी परत कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिने पुसून सरळ केला होता.

आता कामाचं. मे महिन्यात मी हिमेजीला येते. तुमचा पांढरा किल्ला पाहायचा, आणि तुमचं घर. चिहारु येणार नाही, ते घर तिला अजून जड आहे, ते तुम्हाला कळेल. ती म्हणाली, पुढे कधी डोंगरबिंगर असला तर सांगा. त्या सोमवारी ती आणि तिची कचेरीतली एक मैत्रीण ऑलिव्ह बघायला बेटावर जाणार आहेत. कागदावर सगळं काढून हवंय म्हणाली, तुमच्या हातचं. तेवढं पाठवून द्या. बंदराचं नाव मोठ्या अक्षरात घाला, मुलगी माझी आहे.

घोटाळा एकच झाला आहे. काल ह्यांनी दुकानाच्या दाराला आपण होऊन पाटी अडकवून बघितली, "सहलीनिमित्त बंद". मी म्हटलं, हे काय? म्हणाले, मीही येतो. इतकी वर्षं मी शेवया लाटल्या, मला नाही का किल्ला बघावासा वाटत? मी सांगितलं, विहिणींच्या सहलीत व्याह्यांचं काम नाही. तर म्हणाले, तुम्ही आता विहिणी कुठे आहात?

बरोबर पकडलं मला. पण मी हार मानली नाही. म्हटलं, मी माझी विहीण शोधली, तुम्ही तुमचा व्याही शोधा. तेव्हापासून गाल फुगवून बसले आहेत आणि शेवया नेहमीपेक्षा जाड कापताहेत. तुमच्या आळीत एखादा रिकामा, चालता-बोलता, थोडा कुरकुरा म्हातारा असेल तर मे महिन्याच्या आत बघून ठेवा. नात्याचं पुढे काहीतरी सांगता येईल.

इसोए